देवळीवाले भाऊ

लग्नाच्या पंगतीत किंवा तेरवीच्या मांडवात कोणी ओळख करून दिली, "हे आमचे देवळीवाले भाऊ," की समोरचा हमखास विचारतो, "देवळी म्हणजे वर्धेजवळची का? तिथं आमची आत्या दिलीय." मग दहा मिनिटं त्या आत्याचं सासर, तिचे दीर, दिरांची वावरं असं सगळं निघतं. भाऊ शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "मी अकोल्याचा. देवळी म्हणजे भिंतीतली." एवढं बोलून ते त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे पाहतात. ती नऊ इंची आहे की चार इंची, हे त्या दहा मिनिटांत त्यांनी जोखलेलं असतं.

पुण्या-मुंबईकडचे लोक ज्याला कोनाडा म्हणतात, ती आमची देवळी. आणि भाऊंची देवळी म्हणजे बाथरूममधली, टाइल्सच्या भिंतीत बसवलेली, साबण आणि शाम्पू ठेवायची. हल्लीच्या नकाशांत तिला 'निश' म्हणतात. भाऊंच्या तोंडी हा शब्द एकदाच आला होता. तो त्यांनी चूळ भरल्यासारखा टाकून दिला.

नात्यानं ते माझे साडभाऊ. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. नोकरी ३३ वर्षं झाली आणि तिची सुरुवात ३३ फुटांच्या साखळीनं झाली. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा, असे ४० झाले की एकर. ही उजळणी ते झोपेतही म्हणतात, असं ताई सांगतात. पण या नोकरीनं त्यांना एक दुःख दिलं. मोजणीच्या दिवशी बांधावर दोन शेतकरी उभे असत, आणि मोजणी संपली की दोघंही रुसून घरी जात. एकाला वाटे आपलं हातभर गेलं, दुसऱ्याला वाटे आपल्याला हातभर कमी मिळालं. बांध होता तिथंच निघाला तर दोघांनाही वाटे की मोजणीदारानं चहा दुसऱ्याच्या घरी घेतला. "तेहतीस वर्षात माह्या मापानं एक माणूस हासला नाही," असं भाऊ म्हणतात. निवृत्तीनंतर त्यांनी हसणारी मापं शोधायला घेतली असावीत.

तसा हा माणूस एकटा नाही. घर बांधायला काढलं की असा एक नातेवाईक प्रत्येकाच्या दारात उगवतो. आयुष्यात एकदा त्यानं घर बांधलेलं असतं, त्यात झालेल्या चुका त्याला तोंडपाठ असतात, आणि त्या तुमच्या घरात होऊ नयेत म्हणून तो नव्या चुका घेऊन येतो. कोणी सळाखीवाला असतो, तो स्लॅबवर चढून गज मोजतो. कोणी दिशावाला असतो, त्याला संडास नैऋत्येला दिसला की चक्कर येते. कोणी टाकीवाला. आमच्या वाट्याला देवळीवाले आले, आणि बाकीच्यांच्या तुलनेत खर्च पाहता मी माझं नशीब चांगलंच समजतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या अमरावतीच्या घराचं बाथरूम उकरायचं ठरलं. घर १९९१ चं. जुन्या टाइल्स पोकळ वाजायला लागल्या होत्या आणि नळाखालची भिंत वर्षभर घामेजलेली असायची. बायकोनं ही गोष्ट फोनवर बहिणीला सांगितली. पलीकडे फोन स्पीकरवर असणार. कारण अर्ध्या मिनिटात भाऊंचा आवाज आला, "साडभाऊ, देवळी कुठी काढून राह्यले?"

मी म्हणालो, देवळीचं काही ठरलं नाही. स्टीलचा कोपऱ्यातला स्टँड लावू, अडीचशे रुपयांना मिळतो.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ताईंचा आवाज आला, "तुम्ही असं काऊन म्हटलं? ते पिशवी भरून राह्यले."

ती पिशवी पाहण्यासारखी आहे. खाकी, जाड कापडाची, पूर्वी तिच्यात नकाशे असायचे. आता तिच्यात पाच मीटरचा टेप, ओळंबा, गुण्या, लेव्हलची पारदर्शक नळी, दोन खडू, काचेची एक गोटी आणि अकरा रिकाम्या बाटल्या असतात. शाम्पूच्या, कंडिशनरच्या, तेलाच्या, अंगाला लावायच्या द्रव साबणाच्या. काही पंपाच्या, काही टोपीच्या. प्रत्येकीवर चिकटपट्टीनं चिठ्ठी लावलेली: 'उंची ९ इंच ३ सूत. पंप दाबणाऱ्या हातासाठी वर २ इंच.' सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ही माहिती भाऊ लहान मुलांना न विचारताच देतात. या बाटल्या अकोल्याच्या नातेवाइकांकडून गोळा झालेल्या आहेत. बाटली संपली की तिकडं ती फेकत नाहीत, भाऊंना निरोप देतात. बडनेऱ्याच्या फलाटावर एका भंगारवाल्यानं पिशवीकडे पाहून विचारलं होतं, "काका, क्या भाव लगाया?" भाऊंना राग आला नाही. त्यांनी त्याच्या घरी न्हाणी कुठल्या भिंतीला आहे, ते विचारलं.

देवळीचं हे वेड कुठून आलं, ते त्यांच्या गावी गेल्यावर कळतं. गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरींचं पाणी असं की साबणाला फेस येत नाही. साबण झिजतो आणि अंग तसंच राहतं. जुनं घर मातीचं, भिंती दीड-दोन हात जाड. त्या जाडीत जागोजागी देवळ्या. घरात माणसं सोळा, खोल्या चार. आजोबांच्या देवळीत चंची आणि चष्मा. आजीच्या देवळीत मिसरीची डबी. काकांच्या देवळीत वस्तरा, तिला हात लावायचा नाही. मागच्या न्हाणीतही दगडाशेजारी एक देवळी, तिच्यात वजरी आणि साबणाचा तुकडा. भाऊ सहा-सात वर्षांचे असताना त्यांनाही एक मिळाली, बैठकीतल्या दाराच्या मागची, सगळ्यांत खालची. तिच्यात ते गोट्या ठेवत.

"खोली कोणालेच नोती," भाऊ सांगतात, "देवळी साऱ्याईले होती."

पिशवीतली गोटी त्यांतलीच आहे का, हे मी कधी विचारलेलं नाही.

पुढं अकोल्याला प्लॉट घेतला, सिमेंटचं घर झालं, प्रत्येकाला खोली मिळाली आणि भिंती साडेचार इंचांवर आल्या. आजोबांची चंचीसुद्धा मावणार नाही इतकी भिंत पातळ. भाऊंनी तरीही बाथरूममध्ये देवळी काढली. एक नाही, तीन काढल्या. तीनही अजून आहेत, आणि भाऊ पाहुण्यांना त्या, लोक अजिंठा दाखवतात तशा क्रमानं दाखवतात.

पहिली देवळी मापाला चुकली. भोक बरोबर बारा इंच उंच ठेवलं, पण त्याला खाली, वर आणि दोन्ही बाजूंनी टाइल बसणार, टाइलखाली मसाला येणार, हे धरलं नाही. तयार झाली तेव्हा आतून साडेदहा उरली. साडेदहात पंपाची बाटली शिरते, पण पंप दाबायला हात शिरत नाही. ती बाटली मग आडवी पडून राहिली आणि एका रात्रीत आख्खी रिकामी झाली. तेव्हापासून भाऊ 'कच्चं माप' आणि 'पक्कं माप' असे शब्द वापरतात. कच्चं भोक चारी बाजूंनी पाऊण इंच मोठं पाहिजे, ही गोष्ट त्यांनी मला फोनवर, बसमध्ये आणि एकदा माझ्या काकूच्या अंत्ययात्रेत, हळू आवाजात, सांगितली आहे.

दुसरीला माप बरोबर, पण उतार आतल्या बाजूला. पाणी मागच्या कोपऱ्यात साचायचं आणि साबणाची लापशी व्हायची. देवळीच्या तळाला दोन-तीन सूत उतार बाहेरच्या बाजूला हवा, आणि तळ एकाच सलग दगडाचा हवा, मध्ये सांधा नको, हा धडा त्या लापशीतून मिळाला.

तिसरीला माप बरोबर, उतार बरोबर, दिसायला देखणी. पण आतल्या कोपऱ्यांना जलरोधक लेप दिला नव्हता. मिस्त्री म्हणाला होता, टाइल्स आहेतच की, पाणी कुठून जाईल. लोकांना टाइल म्हणजे छत्री वाटते. पाणी टाइलमधून जात नाही, दोन टाइल्सच्या सांध्यांमधून जातं, आणि देवळीला साध्या भिंतीपेक्षा सांधे जास्त, कोपरे जास्त. भिंतीच्या पलीकडे ताईंचं कपाट होतं. पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी लग्नातला शालू काढला तर घडीवर बुरशी. पुढचे दोन महिने भाऊंच्या घरी फक्त कामापुरतं बोलणं झालं. त्या मौनकाळात भाऊंनी लेपाबद्दल जे वाचायचं ते सगळं वाचलं: दोन हात द्यायचे, पहिला वाळल्यावर दुसरा आडव्या दिशेनं, कोपऱ्यात जाळीची पट्टी दाबायची, आणि वाळेपर्यंत कोणालाही आत जाऊ द्यायचं नाही, जावई असला तरी.

हा सगळा अनुभव पाठीशी घेऊन भाऊ शुक्रवार, ३ जून २०२२ रोजी आमच्या घरी आले. तारीख लक्षात राहण्याचं कारण वेगळं आहे. त्याच दिवशी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी अमरावती-अकोला महामार्गावर सलग डांबरीकरणाचं ते गाजलेलं काम सुरू झालं होतं. त्यामुळं भाऊ रेल्वेनं आले.

पहिला दिवस चौकशीचा होता. त्यांनी आमच्या घरातल्या प्रत्येकाला एकेकट्याला गाठून एकच प्रश्न विचारला: आंघोळ बसून करता की उभ्यानं? मुलगा म्हणाला, उभ्यानं. मुलीनं दार लावून घेतलं. मी म्हणालो, सुरुवात बसून, शेवट उभ्यानं. हे उत्तर त्यांनी वहीत 'मिश्र' म्हणून लिहिलं. शेवटी ते आईकडे गेले. आई ७८ वर्षांची, तांदूळ निवडत बसली होती.

"मावशी, तुम्ही आंघोळ बसून करता का उभ्यानं?"

आईनं सूप बाजूला ठेवलं. "उभ्यानं आंघोळ तं ढोरं करते."

मला हसू आलं, भाऊंना नाही. ते ओट्यावर बसले आणि बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पाह्यलं? साऱ्या नकाशात देवळी साडेतीन फुटांवर दाखवते. उभ्या माणसाची. बसलेल्या माणसाचा साबण कुठी ठेवाचा, हे कोणीच इचारत नाही."

हे मला पटलं, हे कबूल करतो. आमच्याकडे शॉवर हा प्रकार बहुतेक घरांत शोभेचा आहे. आंघोळ बादली-मग घेऊन खाली पाटावर किंवा स्टुलावर होते. भाऊंच्या अकोल्यात तर नळ रोज येतच नाही. महानच्या काटेपूर्णा धरणात पाणी किती, यावर तिथली आंघोळ ठरते. उरलेल्या दिवशी बोअरचं जड पाणी, त्यानं शॉवरची भोकं वर्षभरात पांढरी होऊन बुजतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी असं येतं की आंघोळ करायची की चहा टाकायचा, हा प्रश्न पडतो. असल्या गावात उभ्या आंघोळीचं माप घेऊन भिंत फोडायची म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर घर बांधणं.

तेव्हा आमच्या बाथरूमात देवळ्या दोन ठरल्या. एक वरची, एक आईची.

आता त्या कुठल्या भिंतीत, हा प्रश्न. बाथरूम चार बाय सात. बाहेरची भिंत नऊ इंची, तिला पोट आहे, पण ती पश्चिमेची. आमच्याकडचा पाऊस तिच्यावरच येऊन आदळतो. शिवाय गरम-थंड पाण्याचे पाइप तिच्याच आतून गेलेले. दाराच्या भिंतीत जागा नाही. तिसऱ्या भिंतीच्या कोपऱ्यात कॉलम. मिस्त्रीनं छिन्नी उचलून "थोडा छील देंगे" म्हटलं, तेव्हा भाऊ त्याच्या आणि कॉलमच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "कॉलमले हात लावाचा नाही. घर त्याच्यावर उभं हाये, शाम्पूवर नाही." उरली चौथी, चार फुटांची, आखूड बाजूची. ती चार इंची. तिच्यात खाच मारली तर मागे टाइलच्या जाडीइतकीही वीट उरत नाही, म्हणजे देवळीचं पोट पलीकडच्या खोलीत काढावं लागणार. आणि पलीकडे देवघर.

बायको देवघराच्या दारात उभी राहिली. "भाऊजी, माह्या देवाच्या पाठीत तुम्ही शाम्पू खुपसून राह्यले का?"

मोजणीदाराच्या आयुष्यात असा बांध कधी आला नसेल. एका बाजूला अंबादेवीचा फोटो, दुसऱ्या बाजूला अँटिडँड्रफ. भाऊंनी दोन्ही खोल्यांत जाऊन मापं घेतली, मध्यरेषा काढली, देवघराच्या बाजूला खडूनं खुणा केल्या, बायकोनं त्या पुसल्या, त्यांनी परत केल्या. सायंकाळी त्यांनी कागदावर दोन्ही खोल्यांचा नकाशा काढला आणि खाली सवयीनं 'क प्रत' असं लिहिलं. मोजणी खात्याकडे पूर्वी साधी, तातडीची आणि अतितातडीची अशा तीन प्रकारची मोजणी असायची, जास्त फी भरली की लवकर व्हायची. बायको म्हणाली, "अतितातडीचे पैसे देते, पण आज निकाल लावा. चार दिवस झाले, आम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळीला जातो."

निकाल लागायला सातवी तारीख उजाडली, आणि तो खरंच चांगला होता. दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही, आपण आपल्या जागेत मागे सरायचं. जुन्या भिंतीला लागून बाथरूमच्या आतच नवी चार इंची भिंत उभी करायची, पाच फूट उंच, आणि देवळीचं भोक तिच्यात आरपार ठेवायचं. पाठीला जुनी भिंत आयतीच. देवघराच्या चुन्यालाही धक्का नाही. बाथरूम चार बाय सातचं चार बाय सहा फूट आठ इंच होणार. म्हणजे सव्वा चौरस फुटाहून जरा जास्त गेलं. भाऊंनी हिशेब करून सांगितलं की हा एका गुंठ्याचा साधारण आठशे सतरावा हिस्सा आहे, आणि इतक्यावरून कोणी कोर्टात जात नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता महामार्गाचं काम संपलं. ७५ किलोमीटरचा सलग पट्टा, १०५ तास ३३ मिनिटं. गिनीज बुकात नोंद झाली, आधीचा विक्रम कतारमधल्या दोहा शहराच्या नावावर होता. दुसऱ्या दिवशी मी पेपर भाऊंसमोर ठेवला. म्हणालो, तिकडं पंचाहत्तर किलोमीटर झाले, आमच्या अंगणात अजून विटांचा ढीग आहे.

भाऊंनी बातमी पूर्ण वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "रस्त्याले देवळी नसते."

पुढचे दिवस मिस्त्रीचे आणि भाऊंचे. मिस्त्री बुऱ्हाणपूरकडचा, हात उत्तम, स्वभाव तापट. भाऊंचं पहिलं म्हणणं असं की देवळीच्या कडा टाइलच्या सांध्यांवरच आल्या पाहिजेत. आमच्या टाइल्स गुजरातेतल्या मोरबीच्या, बारा बाय अठराच्या, आडव्या लावायच्या. म्हणजे सांधे जमिनीपासून १२, २४, ३६, ४८ इंचांवर. तेव्हा आईची देवळी १२ ते २४, वरची ३६ ते ४८, रुंदी अठरा, म्हणजे प्रत्येकी बरोबर एका टाइलची जागा. न कापलेली, न तोडलेली. असं केलं नाही तर देवळीभोवती दोन-दोन बोटांच्या चिंध्या लावाव्या लागतात आणि ती ठिगळ लावलेल्या विजारीसारखी दिसते. हे मिस्त्रीलाही मान्य होतं. पण त्यासाठी टाइल लावायला सुरुवात करण्याआधी, वीट रचतानाच, जमीन शेवटी कुठल्या उंचीला येणार ते माहीत हवं. आमची जमीन तेव्हा खोदलेली होती. म्हणून भाऊंनी आधी सगळ्या भिंतींवर लेव्हलच्या नळीनं एक रेघ मारून घेतली आणि जो येईल त्याला बजावलं की ही रेघ कोणी पुसायची नाही. दूधवाला बाथरूमकडे गेलाच नव्हता, त्यालाही बजावलं.

दुसरं म्हणणं भोकाच्या वर दगडाची पट्टी टाकण्याचं. मिस्त्री म्हणाला, एवढ्याशा भोकाला कशाला? भाऊंनी त्याला अंगणात नेलं आणि जून कोरडा गेल्यानं काळ्या मातीत पडलेल्या भेगा दाखवल्या. एकीत त्यांची चप्पल उभी गेली. "ही माती उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात फुगते. घर तिच्यावर बसलं हाये. भिंतीत कोपरा भेटला की भेग तिथूनच निघते." पट्टी बसली.

लेप दोन हात झाला, कोपऱ्यांत जाळी दाबली गेली. ते दोन दिवस भाऊ बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

खरा तंटा तळाच्या दगडावर झाला. मिस्त्रीनं काळ्या ग्रॅनाइटचा सलग तुकडा इतका सुरेख बसवला की पाण्याचा थेंब ठेवला तर जागचा हलणार नाही. भाऊंनी खिशातून गोटी काढून देवळीच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि बोट काढलं. गोटी तिथंच राहिली. भाऊंनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं लेव्हल-बॉटल दगडावर ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये. "भाऊ, बीस साल हो गये, मेरे काम में एक सूत का फरक नहीं निकला. देखो."

"तेच तं," भाऊ म्हणाले, "फरक पायजे."

ज्या माणसानं वीस वर्षं सपाटीवर नाव कमावलं, त्याला मुद्दाम तिरपं बसव म्हणणं म्हणजे गवयाला बेसूर गा म्हणणं. मिस्त्री थापी टाकून चौकात निघून गेला. दीड तासानं गिला वडा खाऊन परत आला, कोणाशी न बोलता दगड उचकटला, मागच्या बाजूला मसाल्याचा पातळ थर वाढवला आणि परत बसवला. मग स्वतःच हात पुढं केला. भाऊंनी गोटी त्याच्या तळहातावर ठेवली. मिस्त्रीनं ती मागे टेकवली आणि सोडली. गोटी क्षणभर थांबली, हळूहळू पुढं आली, कडेवरून पडली, जमिनीवर दोनदा टणटणली आणि मोरीच्या, जाळी न बसवलेल्या भोकातून गेली.

कोणी काही बोललं नाही. मिस्त्रीनं खांद्यापर्यंत हात घालून पाहिला. माझ्या मुलानं चुंबक आणला, पण काचेला चुंबकाचा काय उपयोग? भाऊ म्हणाले, "राहू द्या. उतार बराबर हाये." त्या रात्री ते जेवताना गप्प होते. तीन वेळा बाथरूममध्ये जाऊन आले.

काम जूनच्या शेवटी संपलं. सांध्यांत साधं सिमेंट न भरता एपॉक्सी भरलं, तेही भाऊंच्याच आग्रहानं. त्याचा खर्च ऐकून मला घाम फुटला होता, पण आज तीन पावसाळे गेले, देवघराची भिंत कोरडी आहे आणि सांधे काळे पडलेले नाहीत. हे लिहायलाच हवं. भाऊंच्या नादी लागण्यात वेळ जातो, पैसाही जातो, ओल मात्र येत नाही.

आता देवळ्यांचं सांगतो. आईची खालची देवळी पहिल्या दिवसापासून भरलेली आहे. वजरी, साबण, बेसनाची वाटी, पाठ घासायचं कापड. तिच्यात दुसऱ्या कोणी काही ठेवलेलं आईला चालत नाही. मुलीनं एकदा फेसवॉश ठेवला होता, तो अंगणात मिळाला.

वरची देवळी रिकामी असते. पाच फुटांची नवी भिंत उभी केली तेव्हा तिच्या डोक्यावर चार इंचांचा कट्टा आपोआप तयार झाला, हे नकाशात कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. हात सरळ तिथंच जातो. साबण तिथं, कंगवा तिथं, टूथब्रशचा ग्लास तिथं, माझा चष्माही तिथंच. राहिला शाम्पूचा प्रश्न. अकरा बाटल्यांची मापं झाली, पण भाऊंनी एक गोष्ट आम्हाला विचारली नाही आणि आम्हीही सांगितली नाही. आमच्या घरी शाम्पूची बाटली कधी आलेलीच नाही. बायको किराण्यातून पुड्यांची माळ आणते आणि तोटीला अडकवते.

भाऊ कामानंतर पहिल्यांदा आले तेव्हा येताना एक भरलेली बाटली घेऊन आले, पंपाची, वर चिठ्ठी: '९ इंच ३ सूत'. स्वतःच्या हातानं त्यांनी ती वरच्या देवळीत ठेवली, वर हात घालून पंप दाबून पाहिला आणि मागे सरकून उभे राहिले. तेवढ्यात त्यांची नजर कट्ट्यावर गेली. तिथला पसारा त्यांनी डावीकडून उजवीकडे सगळा पाहिला.

"अतिक्रमण," ते म्हणाले. मग जरा थांबून, "नियमित करून घ्या."

तेव्हापासून पाहुणे येणार असले की आम्ही कट्टा मोकळा करतो आणि ती बाटली पुसून ठेवतो. अजून भरलेली आहे.

सध्या भाऊ बडनेऱ्याला असतात, माझ्या मेहुण्याच्या फ्लॅटवर. तिथल्या बाथरूमच्या चारही भिंती चार इंची आहेत आणि बिल्डर फोन उचलत नाही. तुमच्याकडे अमरावतीत किंवा अकोल्यात बाथरूमचं काम निघणार असेल, तर प्लास्टर व्हायच्या आत कळवा. ते काही घेत नाहीत, चहा तेवढा बिनसाखरेचा लागतो. रिकाम्या बाटल्या फेकू नका. आणि जाळी आधी बसवून घ्या, कारण आता त्यांच्याकडे गोटी नवी आहे.